आपल्या प्रभागाच्या सीमा, नगरसेवक आणि निवडणुकांची नोंद कशी तयार करावी

पुण्यात २०१७ च्या महापालिका निवडणुकीत प्रभाग क्रमांक १५ होता शनिवार पेठ–सदाशिव पेठ. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत १५ क्रमांक गेला मांजरी बुद्रुक–केशवनगर–साडेसतरा नळी या भागाला, आणि शनिवार पेठ आली २५ क्रमांकाच्या प्रभागात. दोन्ही वेळा शहरात प्रभाग होते ४१. त्यामुळे क्रमांकासमोर क्रमांक ठेवून तक्ता भरणाऱ्याला आपण चुकतोय याची शंकाही येत नाही, आणि पेठेतल्या नगरसेवकाचा वारस म्हणून मांजरीच्या नगरसेवकाचं नाव लागतं.

म्हणून कामाला लागण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: नोंद क्रमांकाची करायची नाही, जागेची करायची. आपली सोसायटी, एखादी शाळा, एखादा चौक, असा न हलणारा एक बिंदू निवडा आणि प्रत्येक निवडणुकीत तो बिंदू कोणत्या प्रभागात होता हे शोधत मागे जा. खालची पद्धत महाराष्ट्रातल्या महानगरपालिकांसाठी आहे. नगर परिषदांनाही ती बहुतेक तशीच लागू पडते. फरक जिथे आहे तिथे सांगितला आहे.

आधी शब्द नीट लावून घ्या

‘वॉर्ड’ या एका शब्दानं सगळ्यात जास्त घोळ होतो. मुंबईत जी-उत्तर, के-पश्चिम हे प्रशासकीय विभाग आहेत. तिथे सहायक आयुक्त बसतात, पाणी-कचऱ्याच्या तक्रारी तिथे जातात. निवडणुकीचे प्रभाग वेगळे, ते २२७. पुण्यात क्षेत्रीय कार्यालय आणि प्रभाग यांत असाच फरक आहे, नागपुरात झोन आणि प्रभाग यांत. शिवाय मतदार ओळखपत्रावर किंवा विधानसभेच्या यादीत जो ‘भाग क्रमांक’ असतो, त्याचा महापालिकेच्या प्रभागाशी काहीही संबंध नाही. नोंदवहीच्या पहिल्याच पानावर या तिन्ही गोष्टी आपल्या ठिकाणासाठी वेगवेगळ्या लिहून ठेवा: प्रशासकीय कार्यालय, महापालिकेचा प्रभाग, विधानसभा मतदारसंघ आणि यादीचा भाग.

कोणती कागदपत्रं हवीत

एका निवडणुकीसाठी पाच कागद लागतात: अंतिम प्रभाग रचनेची अधिसूचना, तिच्यासोबतचा नकाशा, आरक्षण सोडतीचा तक्ता, प्रभागनिहाय मतदार यादी (किमान मतदान केंद्रांची यादी तरी), आणि उमेदवारनिहाय निकाल. अलीकडच्या निवडणुकांचे कागद महापालिकेच्या संकेतस्थळावर निवडणूक विभागाच्या पानावर आणि राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात. दिसले की लगेच उतरवून घ्या. नवी निवडणूक आली की जुनी पानं बऱ्याचदा गायब होतात.

कागदाच्या डोक्यावर ‘प्रारूप’ आहे की ‘अंतिम’, हे पहिल्यांदा बघा. प्रारूप रचना हरकती आणि सूचनांसाठी असते. सुनावणीनंतर एखादी सोसायटी, कधी सबंध वस्ती इकडून तिकडे जाते. वर्तमानपत्रांत आलेले नकाशे बहुतेक वेळा प्रारूपाचे असतात, कारण बातमी तेव्हाच होते. तरीही प्रारूप फेकू नका. प्रारूप आणि अंतिम शेजारी ठेवले की कोणत्या हरकती मान्य झाल्या ते कळतं.

आणखी एक सापळा २०२२ सालचा आहे. त्या वर्षी पुण्यात ५८ प्रभाग आणि १७३ जागांची, एका प्रभागातून बहुतेक तीन सदस्य निवडण्याची रचना तयार झाली, मुंबईत २३६ प्रभागांची. या रचनांवर निवडणूक कधीच झाली नाही, पण त्यांचे नकाशे, सोडतीचे तक्ते, इच्छुकांच्या याद्या अजून फिरत असतात. त्यांना नोंदीत जागा द्यायचीच असेल तर ‘रद्द झालेली रचना’ अशा वेगळ्या मथळ्याखाली द्या.

सीमा वाचणं आणि रेखाटणं

अधिसूचनेत प्रत्येक प्रभागाचं नाव, एकूण लोकसंख्या, त्यातली अनुसूचित जाती आणि जमातींची लोकसंख्या, ‘व्याप्ती’ आणि मग उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशा चार बाजूंचं वर्णन असतं. व्याप्तीत सोसायट्या आणि वस्त्यांची नावं असतात. ती आत काय आहे याची ढोबळ कल्पना देते. हद्द ठरते ती चार बाजूंच्या वर्णनावरून आणि नकाशावरून. प्रभागाच्या नावावर तर मुळीच विसंबू नका. नावात दोन-तीन ठळक ठिकाणं घेतलेली असतात, आणि त्या नावाच्या पेठेचा किंवा उपनगराचा मोठा तुकडा शेजारच्या प्रभागात असू शकतो.

एक बाजू एका वेळी घ्या. वर्णन पेन्सिलीनं तोडून प्रत्येक वळण वेगळ्या ओळीत उतरवा: कुठून सुरुवात, कशाच्या कडेनं, कोणत्या दिशेनं, कुठपर्यंत. उत्तरेचा शेवटचा बिंदू पूर्वेच्या पहिल्या बिंदूला मिळालाच पाहिजे, आणि पश्चिमेचा शेवट उत्तरेच्या सुरुवातीला. मिळाला नाही तर बहुतेक वेळा रस्त्याचं नाव बदललेलं असतं, किंवा एकाच नावाचे दोन चौक असतात. शेजारच्या प्रभागाचं वर्णन काढा. आपली पूर्व सीमा म्हणजे पलीकडच्या प्रभागाची पश्चिम सीमा, आणि तिथे तोच बिंदू बऱ्याचदा वेगळ्या नावानं लिहिलेला सापडतो.

सीमा शक्यतो नदी, नाला, रेल्वेमार्ग, मोठा रस्ता, उड्डाणपूल यांवरून जाते. सीमा रस्त्यावरून गेली की समोरासमोरच्या इमारती दोन वेगळ्या प्रभागांत जातात. नकाशावर जाड रेघ असते, तिच्याखाली अख्खी इमारत झाकली जाते. अशा ठिकाणी अंदाज करू नका, त्या इमारतीतले मतदार कोणत्या प्रभागाच्या यादीत आहेत ते पाहा. जिथे हद्द सोसायटीच्या भिंतीनं किंवा गल्लीतून जाते तिथे एकदा प्रत्यक्ष चालून यावं. चार बाजू चालायला एक सकाळ पुरते, आणि नकाशावर तासन्‌तास न सुटलेला गुंता जागेवर पाच मिनिटांत सुटतो.

संगणकावर रेखाटायचं असेल तर गूगल अर्थमध्ये बहुभुज काढून केएमएल फाईल जतन करणं सगळ्यात सोपं. नकाशाचं पीडीएफ क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायचं असेल तर किमान सहा खुणेचे बिंदू द्या आणि ते प्रभागाच्या चारी कडांना पसरलेले असू द्या. पुलाची टोकं, रेल्वे फाटक, दोन जुन्या रस्त्यांचा छेद अशा न बदलणाऱ्या जागा निवडा. सगळे बिंदू मधोमध घेतले तर कडेला नकाशा सरकतो, आणि आपल्याला हवी असते ती कडच.

लोकसंख्येचा ताळा

रचनेची सगळी गणितं २०११ च्या जनगणनेवर चालली आहेत. शहराची लोकसंख्या भागिले एकूण सदस्यसंख्या, गुणिले त्या प्रभागातली सदस्यसंख्या, ही सरासरी. आणि तिच्या दहा टक्के खाली-वर मुभा. मुंबईचं सोपं आहे: १,२४,४२,३७३ भागिले २२७, म्हणजे सुमारे ५४,८१२. प्रभाग ४९,३३१ ते ६०,२९३ यांच्या दरम्यान असायला हवा. पुण्यात समाविष्ट गावं धरून लोकसंख्या ३४,८१,३५९ आणि सदस्य १६५, म्हणजे एका सदस्यामागे सुमारे २१,०९९ आणि चार सदस्यांच्या प्रभागात सुमारे ८४,४००. चाळीस प्रभाग चार सदस्यांचे आणि ३८ क्रमांकाचा एकच पाच सदस्यांचा, म्हणून १६५. आपल्या प्रभागाचा आकडा या मर्यादेबाहेर दिसला तर आधी आपणच चुकीची ओळ वाचली नाही ना ते तपासा, विशेषतः सदस्यसंख्या.

हा आकडा आजच्या रहिवाशांचा नाही, हे नोंदीत स्पष्ट लिहा. २०११ नंतर उभ्या राहिलेल्या वसाहतींच्या प्रभागात मतदारांची संख्या या लोकसंख्येच्या फारच जवळ जाते, क्वचित पुढेही. ती छपाईची चूक नसते.

क्रमांक कसे पडतात हे माहीत असलं की नकाशावर प्रभाग चटकन सापडतो. सुरुवात शहराच्या उत्तरेकडून होते, तिथून ईशान्येला, मग पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत शेवट दक्षिणेत. गावं समाविष्ट झाली की उत्तर आणि पूर्वेला नवे प्रभाग येतात आणि पुढचे सगळे क्रमांक ढकलले जातात. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आत आली. मध्यवस्तीतल्या पेठांचे क्रमांक पुढे सरकायला तेवढं कारण पुरे होतं.

जुना प्रभाग नव्याशी जोडणं

सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ इथे जातो, आणि नोंदीची किंमतही इथेच ठरते.

पहिली अडचण अशी की प्रभागाचा आकारच दर वेळी वेगळा आहे. पुण्यात २००२ मध्ये तीन सदस्यांचे प्रभाग होते, २००७ मध्ये एक सदस्याचे १४४, २०१२ मध्ये दोन सदस्यांचे ७६, २०१७ मध्ये बहुतेक चार सदस्यांचे ४१. मुंबईत मात्र कायम एक प्रभाग, एक नगरसेवक. नवी मुंबई, छत्रपती संभाजीनगर, कल्याण-डोंबिवली या महापालिकांची आधीची निवडणूक २०१७ ची नाही, २०१५ ची आहे, आणि ती एकसदस्यीय होती. इचलकरंजी आणि जालना या महापालिकांची तर पहिलीच निवडणूक २०२६ ची. त्याआधीचा इतिहास नगर परिषदेच्या दफ्तरात शोधावा लागेल. संभाजीनगर आणि अहिल्यानगरचे जुने कागद औरंगाबाद आणि अहमदनगर या नावांनीच सापडतील.

जोडणी करायला प्रगणक गट हे एकक घ्या. जनगणनेसाठी शहराचे साधारण सहाशे-आठशे लोकवस्तीचे जे तुकडे पाडतात, ते हे गट. प्रभाग रचना करताना ते शक्यतो फोडत नाहीत, त्यामुळे २०११ च्या जनगणनेवर झालेल्या रचना या गटांच्या आधारे एकमेकींवर ठेवता येतात. प्रत्येक गटासमोर तीन रकाने करा: लोकसंख्या, जुना प्रभाग, नवा प्रभाग. मग नव्या प्रभागाची लोकसंख्या जुन्या प्रभागांत विभागा. समजा ८४,००० लोकसंख्येच्या नव्या प्रभागात ५०,४०० लोक जुन्या एका प्रभागातले, २५,२०० दुसऱ्यातले आणि ८,४०० समाविष्ट गावातले निघाले, तर वाटणी ६०, ३० आणि १० टक्के. नोंदीत हे आकडेच द्या. ‘जुना प्रभाग अमुक’ असं एकच नाव देणं साठ टक्के खरं आणि चाळीस टक्के खोटं ठरतं. गटांची संख्या मोजून टक्केवारी काढू नका, लोकसंख्या मोजा. झोपडपट्टीतला गट आणि बंगल्यांतला गट सारख्या वजनाचे नसतात.

२०१२ च्या मागे गेलात की हे गट उपयोगाचे राहत नाहीत, कारण तेव्हाच्या रचना २००१ च्या जनगणनेवरच्या आहेत. तिथे मतदान केंद्रांचा आधार घ्यावा लागतो. महापालिकेच्या शाळा आणि समाजमंदिरं वर्षानुवर्षं तीच राहतात, केंद्रावर येणाऱ्या वस्त्याही फारशा बदलत नाहीत. तीन-चार केंद्रं निवडून ती प्रत्येक निवडणुकीत कोणत्या प्रभागात होती ते पाहा. टक्केवारी मिळणार नाही, पण साखळी तुटणार नाही.

नगरसेवकांची यादी

निवडून आलेल्यांची नावं राजपत्रात प्रसिद्ध होतात; जुन्या सभागृहांची यादी नगरसचिव विभागाकडे असते, नगर परिषदेत मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात. प्रत्येक नावासमोर निवडणुकीचं वर्ष, प्रभाग, जागा (अ, ब, क, ड), जागेचं आरक्षण, पक्ष, मिळालेली मतं, आणि पदावर कधीपासून कधीपर्यंत, इतके रकाने हवेत. शेवटचा रकाना लोक गाळतात, आणि मग प्रश्न येतो की एकाच जागेवर दोन नावं कशी.

दोन नावं येण्याची कारणं ठरलेली आहेत. मृत्यू किंवा राजीनाम्यानंतर पोटनिवडणूक. राखीव जागेवर निवडून येऊन जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत न दिल्यानं पद जाणं. अनधिकृत बांधकामावरून अपात्रता. निवडणूक याचिका: मुंबईत ती लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांपुढे चालते, आणि विजयी उमेदवाराची निवड रद्द होऊन दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निवडून आल्याचं जाहीर केल्याची उदाहरणं आहेत. त्या वेळी मतदान पुन्हा होत नाही, म्हणून निकालाच्या तक्त्यात बदल दिसत नाही; यादीत दिसतो. अशी नोंद आदेशाची तारीख हातात असल्याशिवाय करू नका. ऐकीव अपात्रता लिहिणं एखाद्या माणसावर अन्याय करणारं असतं.

स्वीकृत, म्हणजे निवडणूक न लढवता नेमलेल्या, सदस्यांना प्रभाग नसतो. ते राहतात त्या भागाच्या यादीत त्यांचं नाव घालू नका. नगर परिषदेत थेट निवडून आलेला नगराध्यक्षही कुठल्या एका प्रभागाचा प्रतिनिधी नव्हे.

पक्षाचं नाव निकालाच्या दिवशी जे होतं तेच लिहा. २०१७ मध्ये शिवसेना एक होती आणि राष्ट्रवादी काँग्रेसही एक. या पक्षांतल्या फुटीवरचे भारत निवडणूक आयोगाचे निर्णय फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ चे आहेत. आज तो नगरसेवक कोणत्या गटात आहे हे जुन्या रकान्यात भरलं तर निकालच बदलतो. पुढचा पक्षबदल शेऱ्यात, तारखेसह.

आणि मधली पोकळी कोरी ठेवा. मुंबईच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, पुण्याची १४ मार्च २०२२ ला. तिथून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक होते, प्रभागाला नगरसेवक नव्हता. फलकांवर नावं तीच राहिली तरी ते सगळे माजी नगरसेवक होते.

आरक्षण आणि जागांची अक्षरं

अनुसूचित जातीच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात निघतात. पुण्यात ४,६८,६३३ भागिले ३४,८१,३५९, गुणिले १६५, येतात २२. जमातीच्या ४०,६८७ वर २. इतर मागासवर्गाला ४४, उरलेल्या ९७ सर्वसाधारण, आणि एकूण जागांपैकी ८३ महिलांसाठी. अनुसूचित जाती आणि जमातींसाठी कोणते प्रभाग राखीव होणार ते त्या समाजाच्या लोकसंख्येच्या टक्केवारीच्या उतरत्या क्रमानं ठरतं, महिलांसाठी सोडत निघते. २०२६ च्या निवडणुकीची सोडत ११ नोव्हेंबर २०२५ ला झाली.

प्रभागात राखीव जागांना आधीची अक्षरं मिळतात, म्हणून ‘ड’ बहुधा सर्वसाधारण असते. आरक्षण बदललं की अक्षर बदलतं. २०१७ ची ‘ब’ आणि २०२६ ची ‘ब’ यांची तुलना करण्यात काही अर्थ नाही. तुलना आरक्षणाच्या प्रकारावर करा.

निकालाचे आकडे

चार सदस्यांच्या प्रभागात मतदार चार मतं देतो, प्रत्येक जागेला एक. मतपत्रिकांचे रंगही वेगळे: अ पांढरा, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळा, ड फिकट निळा. म्हणून चारही जागांची मतं एकत्र मिळवून त्यांना मतदारसंख्येनं भागलं तर मतदान दोनशे टक्क्यांवर जातं. मतदानाची टक्केवारी एकाच जागेच्या बेरजेवरून काढा.

यातच एक चांगला ताळा दडलेला आहे. एका जागेच्या सगळ्या उमेदवारांची मतं आणि ‘वरीलपैकी कोणीही नाही’ यांची बेरीज बाकीच्या तीन जागांच्या बेरजेशी जवळजवळ जुळली पाहिजे. काही मतांचा फरक टपाली मतांमुळे राहू शकतो. फरक शेकड्यांत गेला तर आकडा उतरवताना चूक झाली आहे. ३ आणि ६, १ आणि ९ ही देवनागरी आकड्यांची नेहमीची अदलाबदल आहे. जागा बिनविरोध झाली असेल तर तिथे मतांचा रकाना रिकामाच ठेवा, शून्य लिहू नका.

मतदार यादी राज्य निवडणूक आयोग विधानसभेच्या यादीवरूनच करतो. २०२६ साठी १ जुलै २०२५ ची यादी घेतली होती. ती प्रभागांत विभागली जाते, नावं नव्यानं घालण्याचं किंवा वगळण्याचं काम तिथे होत नाही. सीमेवरच्या इमारतीतले मतदार चुकून पलीकडच्या यादीत गेलेले प्रारूप यादीत सापडतात; हरकत तेव्हाच घ्यावी लागते.

जे कुठेच मिळत नाही ते माहिती अधिकारात

अर्ज महापालिकेच्या निवडणूक विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, जोडपत्र ‘अ’ च्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, हा नियम विसरला की अर्ज परत येतो. म्हणून सीमांचा एक अर्ज, निकालाचा वेगळा. ‘प्रभागाची सगळी माहिती द्या’ असं मोघम मागू नका. ‘सन २०१२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत, सोबतच्या यादीतली चार मतदान केंद्रं ज्या प्रभागांत होती, त्या प्रभागांच्या अंतिम रचनेच्या अधिसूचनेची आणि नकाशाची प्रत’ असं मागा. मतदान केंद्रनिहाय निकालाची प्रतही अशीच, निवडणूक आणि प्रभाग नेमका सांगून. प्रतीला पानामागे २ रुपये पडतात; मोठ्या नकाशाचा खर्च वेगळा कळवतात. उत्तराची मुदत ३० दिवस, त्यानंतर पहिलं अपील ३० दिवसांत, २० रुपयांचा स्टॅम्प लावून.

नकाशाची छायाप्रत काळी-पांढरी मिळाली तर सीमारेषा आणि रस्ते एकसारखे दिसतात. अर्जातच ‘रंगीत प्रत किंवा मूळ फाईल सीडीवर’ असं लिहा. अभिलेख उपलब्ध नाही असं उत्तर आलं, तर तसं लेखी उत्तरही तारखेसह जपून ठेवा आणि नोंदीत त्या वर्षाच्या रकान्यात तेवढंच लिहा. तो रकाना पुढे नगरसचिव विभागातल्या इतिवृत्तांवरून, किंवा ग्रंथालयात मतमोजणीच्या दुसऱ्या दिवसाच्या वर्तमानपत्रावरून भरता येतो. वर्तमानपत्रात बहुधा फक्त विजयी आणि पराभूत प्रमुख उमेदवार असतात. अशा आकड्यांसमोर ‘वृत्तपत्रावरून’ अशी खूण करा, म्हणजे अधिकृत प्रत हाती आली की नेमके कोणते आकडे बदलायचे ते दिसेल.